पदवीची खरी किंमत

बारावीचा निकाल लागला की आमच्या आसेगावात रंगीत माहितीपुस्तिका येऊ लागतात. काचेची इमारत, हिरवळ, आणि खाली ठळक अक्षरांत 'सरासरी पगार वर्षाला सात लाख'. मग रात्री जेवणानंतर घरात बोलणे सुरू होते. सोयाबीन-तुरीच्या उत्पन्नात हे शुल्क बसेल काय? बँकेचे कर्ज काढावे, की एखादे वावर विकावे? वाशीम जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत हा पेच पडतो. त्याचा बराच भाग साध्या गणिताचा आहे, आणि ते गणित तुम्हांला करता येते.

प्रथम त्या 'सरासरी'कडे पाहू. समजा, एका वर्गात दहा विद्यार्थी आहेत. एकाला वर्षाला तीस लाखांची नोकरी मिळाली, चौघांना चार-चार लाखांची, दोघांना तीन-तीन लाखांची, आणि तिघांना काहीच नाही. नोकरी मिळालेल्या सातजणांची सरासरी काढा : बावन्न भागिले सात, म्हणजे जवळजवळ साडेसात लाख. पुस्तिकेतला आकडा खोटा नाही! पण प्रत्यक्षात दहांपैकी नऊजणांच्या हाती चार लाख किंवा त्याहून कमी पडले. आता दहाहीजणांना चढत्या क्रमाने उभे करून मधल्या दोघांकडे पाहा. मध्यक निघतो साडेतीन लाख. आपल्यासारख्या सामान्य विद्यार्थ्याचे काय होईल, याचा अंदाज मध्यक देतो, सरासरी नव्हे.

हा मध्यक कोठे मिळेल? केंद्र सरकारच्या 'एनआयआरएफ' या क्रमवारीत २०१६ पासून संस्थांची यादी लागते. त्यात भाग घेणाऱ्या संस्थेला पदवीधरांच्या पगाराचा मध्यक आणि नोकरी मिळालेल्यांची संख्या कळवावी लागते, व ती माहिती सर्वांना पाहता येते. संस्था त्यात भागच घेत नसेल, तर का घेत नाही, हे प्रवेश समुपदेशकाला विचारावे. त्याला राग आला तरी चालेल.

आता खर्चाची बाजू. समजा, वर्षाचे शुल्क अडीच लाख, चार वर्षांचे दहा लाख, आणि सारी रक्कम दरवर्षीच्या आरंभी द.सा.द.शे. दहा दराने कर्जाऊ घेतली. शिक्षण संपून आणखी एक वर्ष जाईपर्यंत हप्ता सुरू होत नाही. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढत असते. सरळव्याजानेच धरले तरी पाच वर्षांत ते साडेतीन लाख होते. म्हणजे फेड सुरू होताना डोक्यावर साडेतेरा लाख. ते दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता सुमारे १७,८०० रुपये, आणि एकूण भरणा एकवीस लाखांच्या वर. दहा लाखांची पदवी एकवीस लाखांना पडली! वसतिगृह, खानावळ आणि एस.टी.चे भाडे अजून धरलेलेच नाही. पहिला पगार पंचवीस हजार असला, तर हप्ता जाऊन हाती सात हजार उरतात. पुण्यात खोली घेऊन सात हजारांत महिना काढून दाखवा.

येथे एक फरक नीट समजून घेतला पाहिजे, कारण पालकांची गल्लत बहुधा येथेच होते. 'खासगी महाविद्यालय' आणि 'खासगी विद्यापीठ' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्रात १९८३ पासून विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळू लागली. शेगावचे श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय त्याच वर्षीचे. ते खासगी असले तरी अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहे. खासगी विद्यापीठ मात्र स्वतंत्र कायद्याने स्थापन होते. अभ्यासक्रम त्याचा, परीक्षा त्याची, पदवीही त्याचीच.

हा फरक थेट खिशाला लागतो. २०२४-२५ पासून, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमाचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क राज्य शासन पूर्ण भरते. त्यासाठी प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे या योजनेतून वगळली आहेत. म्हणजे आसेगावची तीच मुलगी एका संस्थेत गेली तर शिक्षण शुल्क शून्य, आणि दुसरीत गेली तर सगळेच्या सगळे. पैसे भरून झाल्यावर हे कळून उपयोग नाही.

मग खासगी विद्यापीठाच्या पदवीला मोल नाही काय? तसे मुळीच नाही. राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यानुसार पदवी देण्याचा पूर्ण अधिकार असतो. काही ठिकाणी शिक्षक उत्तम आहेत आणि नवे विषय लवकर सुरू होतात. पण विद्यापीठाचे नाव आणि मागची संस्था यांत किती अंतर पडू शकते, याचे एक उदाहरण सांगितलेच पाहिजे. छत्तीसगडने २००२ साली केलेल्या कायद्याखाली थोड्याच काळात शंभरावर खासगी विद्यापीठे कागदावर उभी राहिली. त्याविरुद्ध न्यायालयात कोण गेले? एक भौतिकशास्त्रज्ञ! मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विश्वकिरणांवर काम केलेले आणि पुढे अनुदान आयोगाचे अध्यक्ष झालेले प्रा. यशपाल. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्या विद्यापीठांची स्थापना रद्द ठरवली आणि विद्यार्थ्यांचे नुकसान होऊ नये म्हणून संस्थांना राज्याच्या विद्यापीठांशी जोडून घेण्यास सांगितले.

तेव्हा आयोगाच्या यादीत नाव आहे की नाही, हे आधी पाहा. पावतीशिवाय 'देणगी' कोणी मागितली, तर देऊ नका. महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने ती घेणे गुन्हा आहे.

आणि प्रवेशापूर्वी एकदा संस्थेत स्वतः जा. सुट्टीच्या दिवशी नव्हे, वर्ग चालू असताना. सभागृह दाखवतील, ते पाहा. पण मग प्रयोगशाळेत नेण्याचा आग्रह धरा. एका ऑसिलोस्कोपभोवती किती मुले उभी आहेत, ते मोजा. बटणे फिरवणारा हात विद्यार्थ्याचा आहे की प्रयोगशाळा साहाय्यकाचा? उपकरणावर धूळ आहे काय? नंतर बाहेर चहाच्या टपरीवर तिसऱ्या वर्षाचा एखादा विद्यार्थी गाठून त्याला विचारा, की भौतिकशास्त्र शिकवणारे सर गेल्या दोन वर्षांत किती वेळा बदलले.