द्राक्ष, गहू आणि एकच पंगत

दिवाळीच्या सुमारास नारायणगावला लागून असलेल्या वारूळवाडीच्या शिवारात द्राक्षबागांची फळछाटणी उरकत आलेली असते. मग वेलींच्या डोळ्यांना पेस्ट, फेलकाढणी, विरळणी. माल हाती येतो तो जानेवारी ते मार्च. इथली बहुतेक द्राक्षं खाण्यासाठी जातात. पण याच नारायणगावात इंडेज या वाइन कंपनीने १९८०च्या दशकात शाम्पेनच्या पद्धतीने फसफसती वाइन बनवली.

कॅथलिक उपासनेला याच फळाचा रस लागतो. मिस्सेत, म्हणजे या उपासनेत, धर्मगुरू वेदीवर गव्हाची भाकर आणि द्राक्षाची वाइन ठेवतात, वाइनमध्ये थोडं पाणी घालतात. येशूने शेवटच्या भोजनात उच्चारलेले शब्द म्हटल्यावर ते अन्न ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतं, केवळ खूण राहत नाही, अशी श्रद्धा आहे. ट्रेंटच्या परिषदेने १५५१ मध्ये हे ठासून मांडलं. पदार्थांबाबत चर्च तडजोड करत नाही. तांदळाची भाकर चालत नाही. ग्लुटेन पूर्ण काढलेली चकतीही चालत नाही, असं व्हॅटिकनने २०१७ मध्ये पुन्हा कळवलं. मुंबई राज्याच्या १९४९च्या दारूबंदी कायद्यातही धर्मविधीच्या वाइनसाठी स्वतंत्र परवानगीचं कलम होतं.

भाषा मात्र बदलली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) लॅटिन मागे पडलं आणि भात पिकवणाऱ्या वसईत मिस्सा मराठीत होऊ लागली. आजोबांना जी प्रार्थना ऐकून पाठ होती, तिचा अर्थ नातवंडांना आपसूक कळू लागला. माझ्या मते विसाव्या शतकात मराठी ख्रिस्ती समाजात झालेला हा सर्वांत खोल बदल.

तरी मिस्सेत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती सगळ्यांची एकच पंगत. करिंथ शहरातल्या सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळीत सधन लोक आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. प्रेषित पौलाने त्यांना पत्रातून खडसावलं, की हे प्रभूचं भोजनच नव्हे. पंक्तिभेद पिढ्यान् पिढ्या पाहिलेल्या महाराष्ट्राला हा राग समजावून सांगावा लागत नाही. आणि चर्चही त्या दोषातून सुटलं नाही. तमिळनाडूत वडक्कनकुळमच्या चर्चमध्ये जातींना वेगळं बसवणारी भिंत होती. एकाच वेदीवरचं अन्न भिंतीच्या दोन बाजूंना वाटलं जात होतं. त्या भिंतीने मिस्सेचा अर्थच नाकारला होता.

१९६४च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मुंबईत ३८वी आंतरराष्ट्रीय युकॅरिस्ट (मिस्सेतलं पवित्र भोजन) परिषद भरली. यजमान होते कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशियस. पोप सहावे पॉल आले. भारतात पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. परिषदेचा विषय वेदीवरचं अन्न, पण ४ डिसेंबरला पत्रकारांपुढे ते बोलले भुकेबद्दल: राष्ट्रांनी शस्त्रांवरच्या खर्चातला काही भाग तरी गरिबांसाठीच्या जागतिक निधीत द्यावा. १९६७च्या ‘पॉप्युलोरुम प्रोग्रेसिओ’ या परिपत्रकात त्यांनी मुंबईचा उल्लेख करून तीच मागणी पुन्हा केली.