भाकरी न्यायची, काठवट नाही

२०१५ साली मी पहिली कंटेनर इमेज बांधली ती नायगावातल्या एका वाचनालयासाठी. सभासदांची यादी, पुस्तकांची देवघेव आणि वर्गणीची पावती एवढंच काम करणारा पायथनमधला छोटा प्रोग्रॅम. मी लिहिलेल्या ओळी चार-पाचशे, इमेज मात्र एक जीबीच्या वर. तेव्हा माझ्या मोबाइलला महिन्याचा डेटाच तेवढा मिळायचा. म्हणून नांदेडला मित्राच्या घरी जायचं, त्याच्या ब्रॉडबँडवर सगळं उतरवायचं, पेन ड्राइव्हवर घ्यायचं आणि देगलूरच्या एसटीने परत यायचं. इमेज लहान हवी, हा धडा मला त्या एसटीने दिला.

कंटेनर ही कल्पना जुनी आहे. युनिक्समध्ये एखाद्या प्रोग्रॅमला ठरावीक फोल्डरपुरतंच जग दाखवणारी ‘सीएचरूट’ ही सोय १९७९ची. कुठल्या प्रोग्रॅमने किती मेमरी आणि प्रोसेसर वापरायचा याला लगाम घालणारे सीग्रुप्स लिनक्समध्ये २००८ला आले. हे सगळं होतं, पण ते वापरायला मुरलेला माणूस लागायचा. १५ मार्च २०१३ रोजी अमेरिकेत सांता क्लाराच्या पायकॉन परिषदेत सॉलोमन हाइक्स यांनी अवघ्या पाच मिनिटांत डॉकर दाखवलं आणि ते काम माझ्यासारख्याच्या आवाक्यात आलं. प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सारं सामान एका इमेजेत बांधायचं. मग ती नांदेडच्या मशीनवर चालवा नाहीतर नायगावच्या, ती सारखीच चालते.

सुरुवातीला ‘लागणारं सारं सामान’ याचा अर्थ आम्ही सैल घेतला. पूर्ण उबंटू घ्यायचं, त्यावर कंपायलर चढवायचा, दुरुस्तीला बरी पडतील म्हणून आणखी चार हत्यारं टाकायची. लग्नाला निघालेल्या बिऱ्हाडासारखी इमेज फुगायची.

मग अल्पाइन हे छोटेखानी लिनक्स आलं. पाच एमबीची मूळ इमेज! २०१६च्या सुमारास सगळे तिकडे धावले, मीही धावलो. पण अल्पाइन मसल नावाच्या वेगळ्या सी लायब्ररीवर चालतं आणि पायथनची तयार बांधलेली पॅकेजं तिच्यासाठी नसायची. प्रत्येक पॅकेज मुळापासून कंपाइल करावं लागे. उन्हाळ्यात तासभर कंपाइल चालावं, शेवटच्या पॅकेजला लाईट जावी आणि ते सारं पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हावं, हे मी कित्येकदा भोगलंय. मसलसाठी तयार पॅकेजं देण्याची ठरलेली पद्धत पायथनमध्ये २०२१ला आली.

खरा बदल घडला मे २०१७मध्ये. डॉकरच्या १७.०५ आवृत्तीत टप्प्याटप्प्याने इमेज बांधायची सोय झाली. पहिल्या टप्प्यात कंपायलर, हेडर फायली, जे हवं ते घ्या. दुसऱ्या टप्प्यात कोऱ्या इमेजेत फक्त तयार झालेला माल उचलून ठेवा. आमच्याकडे बाई घरी काठवटीत पीठ मळते, तव्यावर भाकरी भाजते. शेतावर जाताना फडक्यात भाकरी आणि ठेचा बांधून घेते. काठवट, तवा, चूल घरीच. आमची इमेज दोन वर्षं चुलीसकट शेतावर जात होती. त्याच वर्षी गूगलने डिस्ट्रोलेस इमेजा खुल्या केल्या. त्यांत शेलही नसतो, पॅकेज मॅनेजरही नसतो.

हे सगळं मी उत्साहाने केलं. वाचनालयाचा प्रोग्रॅम अल्पाइनवर ७० एमबीत बसवला, शेजारचा पोस्टग्रेसचा डेटाबेसही अल्पाइनचाच घेतला. आठवड्याने ग्रंथपाल काकांचा फोन आला. “अरे बाबा, ज्ञानेश्वरी ‘ज’मध्ये कशी काय आली?” जाऊन पाहिलं. सभासदांच्या यादीत क्षीरसागर ‘क’ संपता संपता, ‘ख’च्या आधी बसले होते. काळे हे कासार यांच्या वर गेले होते. काकांच्या हातच्या वहीत मात्र चाळीस वर्षं ‘ह’नंतर ‘ळ’, मग ‘क्ष’, मग ‘ज्ञ’ असाच क्रम. मसलला भाषेनुसार क्रम लावता येत नाही. ती अक्षरांचे नुसते आकडे बघते. युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे आहे आणि ‘क्ष’ म्हणजे क, हलन्त आणि ष. म्हणून हा घोळ.

दुसरी गोष्ट पावतीची. पीडीएफ काढली की नावाच्या जागी रिकामे चौकोन. इमेजेत देवनागरीचा एकही फॉन्ट नव्हता. जागा वाचवायला तो कुणीतरी आधीच गाळला होता आणि ज्याने गाळला त्याच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. त्याला मराठी पावती कधी छापायचीच नव्हती.

मी अल्पाइन सोडून डेबियन या लिनक्सच्या बारीक इमेजेवर आलो. लोहित देवनागरी फॉन्ट घातला. डेटाबेसही डेबियनचा घेऊन त्याला आयसीयू या युनिकोड लायब्ररीचा मराठी क्रम लावला. प्रोग्रॅमची इमेज ७०वरून १७० एमबीवर गेली. मला ती वाढ खटकली नाही. इमेज लहान करायची म्हणजे आपल्याला काय लागतं ते आपण ओळखायचं. दुसऱ्याने ओळखून दिलेल्या यादीत आपली अक्षरं असतीलच असं नाही.

सुरक्षेचा धडा वेगळ्या वाटेने आला, पण पोचला त्याच ठिकाणी. एकदा मी डेटाबेसचा पासवर्ड फाइलमधून इमेजेत घेतला आणि पुढच्याच ओळीत ती फाइल पुसून टाकली. पुसली असं मला वाटलं. इमेज थरांची असते. वरच्या थरात पुसलेली फाइल खालच्या थरात तशीच राहते. ज्याच्या हाती इमेज, त्याच्या हाती पासवर्ड. पुढे २०१८च्या शेवटी बांधकामापुरतंच गुपित देण्याची सोय आली, तोवर कितीजणांची गुपितं अशी थरांत पडून राहिली असतील!

त्याच २०१८मध्ये डॉकर हब या इमेजांच्या सार्वजनिक कोठारातून एकाच खात्याच्या सतरा इमेजा काढून टाकाव्या लागल्या. त्या मोनेरो हे आभासी चलन गुपचूप खणत होत्या आणि तोवर ५० लाखांहून अधिक वेळा उतरवल्या गेल्या होत्या. फेब्रुवारी २०१९मध्ये रनसी या कंटेनर चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्येच भोक सापडलं: आतला रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला वापरकर्ता, बाहेरच्या मशीनवर ताबा मिळवू शकत होता. मे महिन्यात अल्पाइनच्या अधिकृत इमेजांत रूटचा पासवर्ड रिकामा असल्याचं उघड झालं. ती चूक २०१५पासून तशीच होती. लहान इमेज म्हणजे आपोआप सुरक्षित इमेज, हा समज माझ्यापुरता त्या दिवशी संपला.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक इमेजेत साधा वापरकर्ता असतो. न सांगता कंटेनर रूट म्हणूनच चालतो, म्हणून ती एक ओळ लिहावीच लागते. फाइल प्रणाली फक्त वाचण्यापुरती खुली, लिहायला एकच फोल्डर, बाकीचे अधिकार काढून घेतलेले. घरात शिरलेल्या चोराला कोयता, कुऱ्हाड हाताशी मिळू नये, एवढाच त्यामागचा विचार.

मोठ्या सॉफ्टवेअरला हे सोपं नसतं. आपल्या मुंबईचंच उदाहरण घ्या. रुशभ मेहता यांच्या फ्रापे या कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे खुलं सॉफ्टवेअर आहे. हिशेब, साठा, सगळं करतं आणि आपल्या सर्व्हरवर फुकट चालवता येतं. त्याला पायथन लागतं, नोड लागतं, मारियाडीबी लागतं, रेडिस लागतं. एवढा संसार पाच एमबीत बसणार नाही, बसवूही नये. पण त्याची डॉकरची मांडणी उघडी आहे, टप्प्याटप्प्याने बांधलेली आहे. कोणता थर कशासाठी, हे आपण वाचू शकतो. मराठी मुलुखात खतबियाण्यांच्या दुकानापर्यंत असं सॉफ्टवेअर पोचावं असं मला मनापासून वाटतं.

नोव्हेंबर २०२०मध्ये डॉकर हबने मर्यादा घातली: खातं नसेल तर सहा तासांत १०० वेळा. आकडा मोठा वाटतो, पण मोबाइल नेटवर एकाच आयपी पत्त्यामागे असंख्य लोक असतात. मी सकाळी पहिलीच इमेज मागितली आणि मर्यादा संपल्याचा निरोप आला. पुन्हा पेन ड्राइव्ह बाहेर निघाला. एकदा उतरवलेल्या मूळ इमेजा मी तेव्हापासून जवळच साठवतो.

डिसेंबर २०२१मध्ये लॉग४जे या जावाच्या लायब्ररीत भोक असल्याची बातमी आली. जगभरच्या कंपन्या आपल्याकडे ते कुठे कुठे आहे ते शोधत बसल्या. मी ट्रिव्ही हे तपासणीचं साधन चालवलं; माझ्या इमेजांत जावाच नव्हतं, पाच मिनिटांत उत्तर मिळालं. मार्च २०२४मध्ये एक्सझेड या संकोचन लायब्ररीत कुणीतरी मुद्दाम पेरलेलं मागचं दार आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्या प्रोग्रॅमरला सापडलं. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, एवढ्याच शंकेवरून त्यांनी ते हुडकलं. ते दार दुरून लॉगिन करू देणाऱ्या एसएसएचच्या सर्व्हरमधून उघडत होतं आणि कंटेनरात एसएसएच ठेवायचं कारणच नसतं. तरीही ती लायब्ररी असलेल्या जुन्या डेबियन इमेजा २०२५मध्येही डॉकर हबवर तशाच पडून असल्याचं बायनार्ली या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिलं. म्हणून मी दर महिन्याला इमेज नव्याने बांधतो. चांगली बांधलेली इमेजही शिळी होते.

तुमच्या शाळेत, पतसंस्थेत, वाचनालयात कुणी सॉफ्टवेअर बसवून देत असेल तर त्याला तीन गोष्टी जरूर विचारा: मूळ इमेज कोणती, आत रूट आहे का, आणि शेवटची कधी बांधली. आणि ताबा घेण्याआधी क्षीरसागर, काळे, कासार आणि ज्ञानेश्वर ही चार नावं त्यात भरून यादी काढा, एक पावती छापून बघा.