चपळ गाडी आणि हवेचा हिशेब

घरात नवी गाडी यायची असली की तिचा रंग, मायलेज, किंमत आणि कर्जाचा हप्ता यांवर आठवडाभर खल होतो. तरुण मंडळींचा ओढा अलीकडे ‘स्पोर्टी’ गाडीकडे अधिक दिसतो. रुंद टायर, मोठी अलॉय चाके आणि जोरकस इंजिन ही तिची वैशिष्ट्ये. या चर्चेत टायरमधील हवेचा विषय मात्र क्वचितच निघतो. तो पेट्रोल पंपावरील मुलावर सोपवला जातो आणि तो ‘पस्तीस टाकू का?’ एवढेच विचारतो. वस्तुतः वेगाने धावणारी संपूर्ण गाडी रस्त्याला टेकलेली असते ती प्रत्येक टायरच्या साधारण तळहाताएवढ्या भागावर. त्या भागाचा आकार हवा ठरवते.

योग्य दाब किती, याचे उत्तर गाडीवरच लिहिलेले असते. चालकाच्या बाजूचे दार उघडले की चौकटीवर एक पट्टी दिसते. काही गाड्यांत ती इंधनाच्या झाकणाच्या आतील बाजूस असते. तिच्यावर पुढील व मागील टायरांचा, तसेच कमी प्रवासी आणि पूर्ण भार अशा दोन्ही स्थितींचा दाब दिलेला असतो. टायरच्या कडेवर उमटवलेला मोठा आकडा मात्र कमाल मर्यादेचा असतो. बँकेने मंजूर केलेली कर्जमर्यादा ही जशी तेवढे कर्ज उचलण्याची शिफारस नसते, तसाच हा प्रकार आहे. शिवाय प्रत्येक गाडीचे वजन निराळे वाटलेले असते. पोर्शे ९११ चे इंजिन मागे असल्यामुळे तिच्या मागील टायरांत पुढच्यापेक्षा अधिक हवा लागते. एकच आकडा सर्व गाड्यांना लावता येत नाही, तो यामुळेच.

स्पोर्टी गाडीला हा नियम अधिक काटेकोरपणे लागू पडतो. साध्या गाडीच्या १६५/८० आर १४ टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची सुमारे १३२ मिलिमीटर असते, तर २१५/४५ आर १७ या टायरची जेमतेम ९७. भिंत जितकी बुटकी, तितकी गाडी वळणावर चपळ. परंतु हवा कमी असेल तर खड्ड्यात टायर रिम आणि दगड यांच्यामध्ये चेंगरण्याची भीतीही तितकीच मोठी.

पट्टीवरील आकडा थंड टायरचा असतो, हे विशेष ध्यानात घ्यावे. गाडी किमान तीन तास उभी असेल किंवा दीड-दोन किलोमीटरच चालली असेल, तर टायर थंड समजावा. तापमान ५-६ अंश सेल्सिअसने वाढले की दाब सुमारे १ पीएसआयने वाढतो. समजा, शिफारस ३३ ची आहे. सकाळी तेवढी हवा भरून निघालेली गाडी तासाभराने पंपावर थांबली आणि मापकाने ३७ दाखवले. ‘जास्त झाली’ म्हणून चार पीएसआय हवा सोडून दिली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच टायरमध्ये २९ च्या आसपास हवा उरेल. वाढलेला दाब टायर घडवताना गृहीत धरलेला असतो. म्हणून तापलेल्या टायरमधील हवा कधीही सोडू नये.

‘उन्हाळ्यात आणि काँक्रीटच्या महामार्गावर हवा कमी ठेवावी, म्हणजे टायर फुटणार नाही,’ हा समज आपल्याकडे घट्ट रुजला आहे. तो घातक आहे. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्यात अधिक दबतो, त्याच्या भिंती सतत वाकतात आणि त्या वाकण्यातून उष्णता निर्माण होते. ती वाढत गेली की आतील थर सुटू लागतात आणि शेवटी टायर फुटतो. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे आणि सपाट भागात मोटारींना ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे. घरातील पाच माणसे, डिकीत सामान, मे महिन्याचे ऊन आणि टायरमध्ये चार-पाच पीएसआय कमी हवा, एवढ्यावर मोठे संकट ओढवू शकते. अशा प्रवासापूर्वी पट्टीवरील पूर्ण भाराचा आकडा पाळावा.

याउलट, मायलेज वाढावे किंवा स्टिअरिंग हलके व्हावे म्हणून जादा हवा भरणारेही आहेत. त्यांच्या टायरचा मधला भाग लवकर झिजतो, रस्त्याशी स्पर्श घटतो आणि पावसाळ्यात घाटातील ओल्या वळणावर पकड कमी पडते. शर्यतीच्या ट्रॅकवर चालक सुरुवातीस हवा कमी ठेवतात, हे पाहून काही तरुण त्यांचे अनुकरण करतात. तेथे फेऱ्या मोजक्या असतात, टायर झपाट्याने तापतात आणि दाब वारंवार तपासला जातो. कुटुंबाला घेऊन निघालेल्या गाडीला तो हिशेब लागू नाही.

नायट्रोजन भरला तरी आकडा बदलत नाही. साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो. डॅशबोर्डवरील इशारादिव्यावरही विसंबू नये. अमेरिकेत २००० सालच्या फोर्ड-फायरस्टोन प्रकरणानंतर कायदा झाला आणि पुढे नव्या मोटारींत अशी यंत्रणा सक्तीची झाली. परंतु तेथील नियमानुसारही दाब २५ टक्के घटला की दिवा लागणे आवश्यक असते. म्हणजे ३२ चे २४ होईपर्यंत तो न लागणे नियमात बसते. मोठी चाके बसवून टायरचा मापच बदलला असेल, तर जुनी पट्टी जशीच्या तशी लागू होईलच असे नाही. टायरच्या भारक्षमतेनुसार जाणकाराकडून दाब ठरवून घ्यावा.

एक चांगला मापक घरी ठेवावा. तो काही महाग नसतो. महिन्यातून एकदा आणि प्रत्येक लांबच्या प्रवासापूर्वी, सकाळी गाडी सुरू करण्याआधी, स्टेपनीसह पाचही टायर तपासावेत आणि आकडे वहीत टिपून ठेवावेत. एखाद्या टायरची हवा दरमहा इतरांपेक्षा अधिक उतरत असेल, तर त्यात बारीक खिळा रुतला आहे किंवा व्हॉल्व्ह खराब आहे, असे समजून तो लगेच दाखवावा. या कामाला दहा मिनिटेही लागत नाहीत आणि घरातील ज्याच्या हाती गाडीची किल्ली असते, त्यानेच ते करावे.