घर बांधण्याआधी घराचा विचार

गटाच्या बैठकीत हल्ली एक विषय वरचेवर निघतो : घर. कुणाचे घरकुल मंजूर झाले आहे, कुणाचे जुने माळवद गळते आहे, कुणाच्या मुलाचे लग्न ठरले म्हणून खोली वाढवायची आहे. म्हणून आज आम्ही ठरवले, की घराबद्दलच बोलू. विटा-सिमेंटचे भाव तुम्हाला आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहेत. आपण बोलू त्या विचाराबद्दल, जो पहिली वीट बसण्याआधी करायचा असतो.

आपल्याकडे घर ठरते ते बहुतेक वेळा शेजारचे घर बघून. त्यांनी पुढे मोठी बैठकीची खोली काढली, मग आपणही काढायची. पण त्या खोलीत वर्षातून किती दिवस माणसे बसतात? आणि ज्या जागेत तुम्ही रोज पाच-सहा तास काढता, ते स्वयंपाकघर मात्र उरलेल्या कोपऱ्यात, बिनखिडकीचे. साधे राहणे म्हणजे मन मारून राहणे नव्हे. ज्याचा रोज उपयोग आहे त्याला आधी जागा आणि आधी पैसा द्यायचा, एवढाच त्याचा अर्थ.

याचा हिशेब मांडून बघू. समजा, एका जादा खोलीसाठी १ लाख रुपये कर्ज काढले, शेकडा २ रुपये महिना व्याजाने. महिन्याचे नुसते व्याज झाले २,००० रुपये. वर्षाचे २४,०००. मुद्दल जागच्या जागी. एवढ्या पैशात मुलीची फी, एखादे आजारपण किंवा बियाणे निघते. खोली वाढवायची नाही असे आम्ही म्हणत नाही. ती आज हवी की चार वर्षांनी चालेल, हा प्रश्न घरात मोठ्याने विचारावा, एवढेच. आणि चार वर्षांनी चालणार असेल, तर ज्या भिंतीतून पुढे दार काढायचे तिथे दाराच्या मापाचा लिंटेल आत्ताच टाकून ठेवायला गवंड्याला सांगा. मग वाढवताना चांगली भिंत फोडावी लागत नाही.

आता जागेचे बोलू. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण २०१६ साली सुरू झाली. तिच्यात घर कमीत कमी २५ चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे २७० चौरस फुटांचे असावे, आणि त्यात स्वयंपाकाची वेगळी, स्वच्छ जागा असावी असे धरले आहे. त्याआधीच्या इंदिरा आवासमध्ये हे माप २० चौरस मीटर होते. २७० चौरस फूट म्हणजे साधारण साडेतेरा फूट रुंद आणि वीस फूट लांब. ऐकताना लहान वाटते. नीट आखले तर चार-पाच माणसांचा संसार त्यात बसतो. न आखता बांधले तर चारशे फूटही पुरत नाहीत.

आखायचे कसे? कागदावरचा नकाशा सगळ्यांना कळतोच असे नाही. म्हणून फक्की घ्या, नाहीतर रांगोळी. मोकळ्या जागेत घर खऱ्या मापाने जमिनीवर आखा. दार कुठे, खिडकी कुठे, चूल कुठे, तेही दाखवा. मग खाट आणून त्यात ठेवा. धान्याची कोठी ठेवा. सासूबाईंना चालत न्हाणीपर्यंत जायला सांगा. हंडा घेऊन स्वतः आत-बाहेर करा. दार उघडले की खाटेला आपटते का, रात्री उठताना झोपलेल्या पोरांना ओलांडावे लागते का, हे लगेच दिसते. फक्की पुसून पुन्हा आखायला पैसे पडत नाहीत, भिंत पाडायला पडतात.

आखताना चार गोष्टी आधी बघा.

पहिली, धूर. चूल असो वा गॅस, स्वयंपाकघराला समोरासमोर दोन वाटा हव्यात : एक खालून हवा आत यायला, एक वरून धूर आणि वाफ बाहेर जायला. एकाच बाजूला मोठी खिडकी असण्यापेक्षा समोरासमोर दोन लहान खिडक्या बऱ्या. ओटा उभ्याने वापरणार असाल तर उंची गवंड्याच्या अंदाजावर सोडू नका. उभे राहून कोपर वाकवा. ओट्याची पाठ कोपराच्या चार बोटे खाली आली पाहिजे. ओटा रोज वापरणार तुम्ही, तेव्हा मापही तुमचेच.

दुसरी, ऊन. दुपारनंतरचे ऊन पश्चिमेकडून तिरपे येते. ते छज्जाने अडत नाही. म्हणून झोपायची जागा पश्चिमेच्या भिंतीला नको. तिथे कोठी, न्हाणी किंवा फडताळ घ्या, आणि बाहेरून शेवगा किंवा कडुनिंब लावा. दक्षिणेचे ऊन उन्हाळ्यात डोक्यावरून येते, ते छज्जाने किंवा पडवीने अडते. पत्र्याचे छप्पर असेल तर वरून पांढरा चुना मारल्याने आतला ताव कमी होतो.

तिसरी, पाणी. २५ चौरस मीटर छपरावर वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस पडला, तर १५,००० लिटर पाणी पडते. सांडलवंड सोडून त्यातले १२,००० लिटर तरी पन्हळीने धरता येते. पन्हळ छपराबरोबरच बसवली तर खर्च थोडा असतो. मोरीचे पाणी दारात न सोडता शोषखड्ड्यात किंवा परसबागेत कसे जाईल, हे जोते भरण्याआधीच ठरवा, कारण उतार नंतर देता येत नाही.

चौथी, मजबुती. इथे काटकसर करायची नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसे झोपेतच गेली. जाड दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीचे जड माळवद. भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांना बांधलेले नव्हते, त्यामुळे भिंत फुगून फुटली आणि माळवद अंगावर आले. दोष दगडाचा नव्हता, बांधणी सुटी होती. म्हणून घर कशाचेही असो, जोत्यावर, दार-खिडकीच्या माथ्यावर आणि छपराखाली चारी भिंतींना सलग लोखंडी सळ्यांचा काँक्रीट पट्टा हवा. दगडी भिंत असेल तर ठरावीक अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड हवा. पैसे कमी पडले तर फरशी, रंग, नक्षीचे गेट मागे ठेवा. फरशी पुढच्या वर्षी बसवता येते, पट्टा नंतर घालता येत नाही.

शेवटचे, पण सगळ्यात जवळचे. घर कुणाचे? आवास योजनेत घर बाईच्या नावे किंवा नवरा-बायको दोघांच्या नावे द्यावे असा नियम आहे. विधुर, अविवाहित किंवा विभक्त पुरुषाची गोष्ट वेगळी. पण मंजुरीच्या कागदावर नाव असणे आणि ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये नाव असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घर पूर्ण झाले की नमुना ८ चा उतारा काढा आणि स्वतः वाचा. आपले नाव नसेल तर दोघांच्या नावे नोंद करण्यासाठी अर्ज द्या आणि अर्जाची पोच घ्या. हे भांडण नव्हे. नवऱ्याला समजावून सांगा, की उद्या काही बरे-वाईट झाले तर पोरांच्या डोक्यावरचे छप्पर टिकावे म्हणून हे करायचे. ज्या घराचे जोते तुम्ही पाणी मारून मुरवले, त्या घरातून तुम्हाला कुणी निघ म्हणू नये, यासाठी तो एक कागद फार मोलाचा आहे.

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीत एक काम करा. गटातल्या ज्या ताईचे घर होणार आहे, तिच्या अंगणात सगळ्या जमा. फक्की घेऊन तिचे घर जमिनीवर आखा. तिच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि पोरींनाही बोलवा, गवंड्यालाही बोलवा. प्रत्येकीने एकदा त्या घरातून चालून बघा आणि काय अडते ते सांगा. आणि ज्यांची घरे आधीच झाली आहेत, त्यांनी आपापला नमुना ८ बरोबर आणा. नाव कुणाचे आहे, ते एकमेकींना वाचून दाखवा.