मोडी वाचणारं एआय आलं, पण त्याचं वाचन तपासणार कोण?

पेठ वडगाव : जुन्या घराची आवराआवर निघाली की माळ्यावरून हमखास एक पत्र्याची पेटी खाली येते. आत कापडात बांधलेलं बाड असतं. एखादं गहाणखत, बाजारपेठेतल्या हिशेबाच्या वह्या, कुणाच्या तरी वाटणीचा कागद. सगळं मोडीत. पणजोबांना वाचता यायचं, आजोबांना थोडंफार कळायचं, त्यानंतर वाचणारं कुणीच नाही. मग घरातला एखादा पोरगा मोबाइलवर फोटो काढतो, एआय चॅटबॉटला टाकतो आणि दहा सेकंदांत सुबक देवनागरी मजकूर हजर होतो. घरच्यांना वाटतं, काम झालं.

पण तो मजकूर खरंच त्या कागदावर आहे का, हे सांगणारा माणूस घरात नसतो आणि बऱ्याचदा तालुक्यातही नसतो. घरच्या पेटीचं जे आहे, तेच थोड्याफार फरकाने राज्यातल्या मोठ्या दप्तरखान्यांचंही आहे.

वडगावचे जुने कागद असतात कुठे?

कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटरवर, पुणे-बेंगळुरू महामार्गाजवळचं हे बाजारपेठेचं गाव इतिहासाच्या कागदांत वारंवार भेटतं. सेनापती धनाजी जाधव यांचं १७०८ मध्ये निधन झालं, त्यांची समाधी इथेच आहे. १३ एप्रिल १७३१ रोजी सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांमध्ये वारणेचा तह झाला, त्यात वडगावचं ठाणं पाडून टाकण्याचं एक कलमच होतं. म्हणजे गावाचा उल्लेख थेट राज्याच्या वाटणीच्या करारात आहे.

असे कागद एका जागी नाहीत. करवीर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झालं. संस्थानचं दप्तर आज राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाच्या कोल्हापूर कार्यालयात आहे. काही हस्तलिखितं आणि दुर्मिळ ग्रंथ शिवाजी विद्यापीठाच्या बॅ. बाळासाहेब खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्रात, काही जुनी पुस्तकं १८५० मध्ये सुरू झालेल्या करवीर नगर वाचन मंदिरासारख्या ग्रंथालयांत. जमिनीचे कागद भूमी अभिलेख आणि तहसील कार्यालयात, आणि उरलेले लोकांच्या माळ्यावर.

राज्यातला सर्वांत मोठा साठा पुण्यात आहे. पुणे पुराभिलेखागार म्हणजेच लोकांच्या तोंडी असलेलं पेशवे दप्तर. तिथे सुमारे ३९ हजार रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. त्यातल्या कागदांची संख्या साधारण चार कोटी सांगितली जाते. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात यातून निवडक कागदांचे ४५ खंड काढले. तरीही बहुसंख्य रुमालांतला मजकूर अजून छापला गेलेला नाही.

एक साधा हिशेब करू. एक जाणकार दिवसाला दहा कागद वाचून उतरवतो आणि वर्षात २५० दिवस काम करतो, असं धरलं तर वर्षाला अडीच हजार कागद होतात. चार कोटींना १६ हजार माणूस-वर्षं लागतील. शंभर वाचक बसवले तरी १६० वर्षं. आणि दिवसाला दहा हा आकडाही उदार आहे. फाटका, वाळवी लागलेला, शाई उडालेला एकच कागद कधी कधी दोन दिवस खातो. त्यामुळे यंत्राची मदत घ्यायची की नाही, हा प्रश्न राहिलेलाच नाही.

यंत्र मोडी कसं वाचतं?

दोन वेगळ्या गोष्टींची नेहमी गल्लत होते. पहिली म्हणजे टाइप केलेली मोडी. जून २०१४ मध्ये युनिकोडच्या ७.० आवृत्तीत मोडीला स्वतंत्र जागा मिळाली. त्यामुळे मोडी अक्षर संगणकावर टाइप करता येतं आणि ते देवनागरीत बदलणारी साधनंही आहेत. हे सोपं आहे, कारण संगणकाला प्रत्येक अक्षराचा क्रमांक आधीच माहीत असतो.

दुसरी गोष्ट कठीण. कागदाचा फोटो, त्यावर बोरूने लिहिलेल्या ओळी, मध्ये डाग, मागच्या बाजूची शाई पुढे उमटलेली. इथे यंत्राला चित्रातून अक्षर ओळखायचं असतं. युरोपात ट्रान्सक्रिबस नावाचं साधन यासाठी बरंच वापरलं जातं. जुनी पानं आणि त्यांचा माणसाने उतरवलेला मजकूर अशा जोड्या त्याला दाखवायच्या. एका वळणाच्या हस्ताक्षरासाठी २५ ते ७५ पानांपासून सुरुवात करता येते, अशी त्याची ढोबळ शिफारस असते. मग ते त्याच हस्ताक्षराची पुढची पानं वाचू लागतं.

मोडीसाठी याच दिशेचं काम २०२५ मध्ये आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी पुढे आणलं. त्यांनी मोडी कागदांच्या २,०४३ प्रतिमा आणि त्यांचं देवनागरी लिप्यंतर असा संच तयार केला. त्यात शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन अशा तिन्ही काळांतली वळणं आहेत. त्यावर प्रतिमा आणि भाषा एकत्र समजून घेणारं मॉडेल शिकवलं. संचाचं नाव मोडीट्रान्स, मॉडेलचं मॉस्कनेट. हे काम महत्त्वाचं आहे, कारण आजवर मोडीसाठी असा खुला संच जवळपास नव्हताच.

आता हेच दोन आकडे शेजारी ठेवा. शिकवायला दोन हजार प्रतिमा, वाचायला चार कोटी कागद. संच वाढवायचा तर आणखी पानं माणसांनीच वाचून, तपासून द्यावी लागणार. म्हणजे मोडी वाचणाऱ्यांची उणीव भरून काढणारं यंत्र तयार करायलासुद्धा आधी मोडी वाचणारेच लागतात.

चूक झाली तर काय बिघडतं?

मोडी लिहिणारा कारकून आधी ओळभर शिरोरेघ ओढायचा आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरं लटकवत जायचा. दोन शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नव्हती, विरामचिन्हं नव्हती. इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घ असा भेद नाही. ‘मुक्काम’ऐवजी नुसतं ‘मु॥’ लिहून मोकळं व्हायचं. त्यात फारसी शब्दांचा भरणा. त्यामुळे मोडी वाचायची म्हणजे अक्षर ओळखून भागत नाही, कागद कोणत्या काळातला, कोणत्या खात्यातला आणि कशाबद्दलचा आहे याचा अंदाज घेत शब्द तोडावे लागतात.

तारखेचंच उदाहरण घ्या. जुन्या कागदावर ‘इहिदे सलासीन मया व अलफ’ असं साल दिसतं. ही अरबी संख्या आहे : एक, तीस, शंभर आणि हजार, म्हणजे ११३१. हा शुहूर सन. वर्ष मृग नक्षत्राला सुरू होतं. कागद जानेवारी ते मे या काळातला असेल तर त्यात ६०० मिळवायचे, मृगानंतरचा असेल तर ५९९. वारणेचा तह एप्रिलचा, म्हणून ११३१ अधिक ६०० बरोबर १७३१. यंत्राने ‘सलासीन’च्या जागी ‘सलास’ वाचलं तर तीसचे तीन होतात आणि कागद २७ वर्षं सरकतो.

चॅटबॉटसारखी मॉडेल्स आणखी एका बाबतीत धोकादायक आहेत. जुन्या पद्धतीच्या ओसीआरला अक्षर कळलं नाही तर तिथे काहीतरी अगम्य उमटायचं आणि चूक डोळ्यांना दिसायची. नवी मॉडेल्स न कळलेल्या जागी शोभेल असा शब्द बसवतात. वाक्य व्याकरणाने शुद्ध, मजकूर विश्वासार्ह वाटणारा, पण कागदावर नसलेला. शंभरातली ९५ अक्षरं बरोबर आली तर आकडा भारी वाटतो. दोनशे अक्षरांच्या नोंदीत त्या हिशेबाने दहा चुका होतात. त्यातली एक आडनावावर पडली तर?

हा प्रश्न पुस्तकी नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. गाव नमुना १४, म्हणजे ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो ती जन्म-मृत्यूची नोंदवही, शाळांची जनरल रजिस्टरं, हक्कनोंदी असं सगळं बाहेर काढलं गेलं. ओबीसींच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो आणि जसजसं मागे जावं तशी मोडी वाढत जाते. जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी जाणकारांची शोधाशोध झाली. वर्षानुवर्षं ज्यांना कुणी विचारत नव्हतं, त्यांच्या दारात अचानक गाड्या उभ्या राहिल्या. राज्यभरात ५० लाखांहून अधिक नोंदी सापडल्याचं सांगण्यात आलं. अशा नोंदीतला एक शब्द चुकीचा वाचला गेला तर कुणाच्या तरी मुलाचा प्रवेश अडकतो किंवा भलत्यालाच दाखला मिळतो.

माणसं का मिळत नाहीत?

शिकण्याची सोय अगदीच नाही असं नाही. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्था आणि काही महाविद्यालयंही घेतात. वर्गांना गर्दीही होते. पण थोड्या दिवसांच्या वर्गात माणूस वळणदार, छापील मोडी वाचू लागतो. दप्तरातला कागद सराईतपणे वाचायला त्यानंतर वर्षं जातात. ती वर्षं काढायची कुणाच्या जिवावर? पुढे कायमची नोकरी दिसत नाही. काम मिळालं तर पानावर किंवा मोहिमेपुरतं. मोहीम संपली, काम संपलं.

ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतलेल्यांची कथा फार वेगळी नाही. राज्यात हजारो शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. २०२२-२३ मधल्या ६० टक्के वाढीनंतर सर्वांत खालच्या ‘ड’ वर्गातल्या ग्रंथालयाचं वार्षिक अनुदान ३० हजारांवरून ४८ हजार रुपयांवर गेलं. महिन्याला चार हजार. त्यात पुस्तकं, वीजबिल आणि ग्रंथपालही. अनेक गावांतल्या अशाच कपाटांत शंभर वर्षांपूर्वीची मासिकं पडून आहेत, जी दुसरीकडे कुठे मिळणार नाहीत.

मी स्वतः अभियांत्रिकीचा. आमच्या वर्गातल्या कुणालाही दप्तरखान्यात आपल्यासाठी काम असेल असं कधी वाटलं नाही. खरं तर प्रतिमा स्वच्छ करणं, शिकवण्याचे संच बनवणं, शोधप्रणाली उभी करणं हे सगळं तिथलंच काम आहे. पण मोडी जाणणाऱ्याला कोड येत नाही, कोड येणाऱ्याला मोडी येत नाही, आणि दोघांना एका टेबलावर बसवणारं पद कुठल्याच आकृतिबंधात नाही.

स्कॅन करून ठेवलं तर निदान वाचेल ना?

वाचेल, आणि ते तातडीचंही आहे. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयातली हजारो पुस्तकं पाण्यात गेली. तिथली दुर्मिळ पुस्तकं पुन्हा विकत घेता येत नाहीत.

पण स्कॅनला खर्च एकदाच येत नाही. ए-फोर आकाराचं एक पान ४०० डीपीआयला रंगीत, न दाबता साठवलं तर साधारण ४६ एमबी होतं. एक लाख पानांना साडेचार टीबीहून जास्त. त्याच्या किमान दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी हव्यात आणि काही वर्षांनी डिस्क बदलायला हव्यात. शिवाय प्रत्येक पानाबरोबर ते कोणत्या रुमालातलं, कोणत्या सालाचं, कुणी कुणाला लिहिलेलं ही माहिती हवी. ती नसेल तर लाखभर पानं म्हणजे नुसते क्रमांक दिलेले फोटो. कॅटलॉगसाठी कोहा, साठवणीसाठी डीस्पेस अशी मुक्त सॉफ्टवेअर फुकट मिळतात, माहिती भरणारा माणूस फुकट मिळत नाही. स्कॅनिंगचं टेंडर निघतं, कारण पानं मोजता येतात. वर्णन लिहिण्याचं काम मोजायला अवघड, म्हणून ते मागे राहतं.

माणसं कमी असली की काय होतं, याचा धडा लंडनने घेतला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला. कॅटलॉग बंद पडला आणि जानेवारी २०२४ मध्ये फक्त शोधण्यापुरता परत आला. लायब्ररीने मार्चमध्ये स्वतःच अहवाल काढून जुनाट प्रणाली आणि तंत्रज्ञान विभागावरचा कामाचा ताण मान्य केला. आपल्याकडे केंद्राने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात एक कोटीहून अधिक हस्तलिखितांच्या सर्वेक्षणाची आणि जतनाची मोहीम जाहीर केली आहे. तिचा पैसा स्कॅनरवर किती आणि वाचकांवर किती जातो, ते पाहावं लागेल.

घरात पेटी असेल तर?

कागद लॅमिनेट करू नका आणि फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नका, त्याचा डिंक काही वर्षांत कागद खातो. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते, त्यापेक्षा धुतलेलं सुती कापड बरं. घडी जबरदस्तीने उलगडू नका. फोटो दिवसाउजेडी, फ्लॅश न मारता, कागद सपाट ठेवून काढा. मागची बाजूही घ्या, शिक्का आणि शेरा बहुधा तिथेच असतो. बाडाचा क्रम मोडू नका. कोणता कागद कशाखाली होता, यावरूनही जाणकाराला साल लागतं.

एआयने दिलेलं वाचन कागद कशाबद्दलचा आहे याचा अंदाज घेण्यापुरतं वापरा. दाखल्यासाठी किंवा जमिनीच्या दाव्यासाठी लिप्यंतर हवं असेल तर कुणाचं लिप्यंतर चालेल, हे त्या कार्यालयाला आधी विचारा आणि मगच जाणकार गाठा. जाणकाराकडे जाताना मूळ कागद न्या. शाईखाली खरवडलेलं अक्षर फोटोत दिसत नाही.