ऐकू येते, पण समजत नाही

घरभेटीसाठी धर्मग्रामात फिरताना एक दृश्य वारंवार नजरेस पडते. बैठकीच्या खोलीत मुले, सुना, नातवंडे गप्पांत रंगलेली असतात आणि घरातील ज्येष्ठ व्यक्ती कोपऱ्यातील खुर्चीत गप्प बसून असते. इतर हसले की तीही थोडी उशिरा हसते. काही विचारले की नुसती मान डोलावते. घरचे सांगतात, "फादर, बाबांचे आता वय झाले, ते फारसे बोलत नाहीत." परंतु त्यांच्या समोर बसून सावकाश बोलले, की तेच बाबा भरभरून बोलू लागतात. बाबांना बोलायचे असते. समोरचा काय म्हणाला ते कळत नाही, म्हणून ते गप्प असतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगात सुमारे १५० कोटी लोकांना कमी-अधिक प्रमाणात श्रवणदोष आहे आणि त्यांपैकी सुमारे ४३ कोटी लोकांना उपचारांची किंवा साहाय्याची गरज आहे. साठीनंतर तर निम्म्याहून अधिक लोकांना ही उणीव जाणवते. असे असूनही डोळ्यांना चाळिशी लागली की आपण निःसंकोच चष्मा लावतो, पण कान मंदावले की ती गोष्ट लपवतो. थोर संगीतकार बेथोवेन यानेही हेच केले. १८०२ साली आपल्या भावांना उद्देशून लिहिलेल्या एका दीर्घ पत्रात त्याने कबूल केले, की आपण बहिरे होत आहोत हे लोकांना सांगणे अशक्य वाटल्यामुळे आपण माणसांपासून दूर राहू लागलो. ते पत्र १८२७ मध्ये त्याच्या मृत्यूनंतरच उजेडात आले. दोनशे वर्षांनंतर आपल्या घरांतही तीच लाज तशीच आहे.

श्रवणशक्ती कशी मंदावते?

ध्वनिलहरी कानाच्या पडद्यावर आदळतात. पडद्यामागील तीन चिमुकली हाडे ती कंपने आंतरकर्णातील शंखाच्या आकाराच्या नळीत पोहोचवतात. तेथे सुमारे १५ हजार सूक्ष्म रोमपेशी त्या कंपनांचे संदेशांत रूपांतर करून मेंदूकडे पाठवतात. माणसाच्या शरीरात या पेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. उच्च पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी नळीच्या प्रवेशद्वाराशी असतात आणि वयोमानानुसार बहुधा त्याच प्रथम झिजतात.

याचा परिणाम समजून घेणे महत्त्वाचे आहे. आपल्या बोलण्यातील स्वर खालच्या पट्टीत असतात, तर स, श, क, त, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख वरच्या पट्टीत असते. त्यामुळे बोलण्याचा आवाज येतो, पण 'साठ', 'पाठ' आणि 'काठ' हे शब्द एकसारखेच वाटतात. म्हणूनच अनेक वृद्ध म्हणतात, "मला ऐकू येते, पण समजत नाही." ते खरेच बोलत असतात. स्त्रियांचे व लहान मुलांचे बोलणे अधिक अवघड जाते आणि गर्दीत तर काहीच उमजत नाही. उलट फार मोठा आवाज सहनही होत नाही. "मोठ्याने बोल" म्हणणारे आजोबा दुसऱ्याच क्षणी "ओरडतोस कशाला?" असे म्हणतात, तेव्हा तो त्यांचा हेकेखोरपणा नसतो.

आधी तपासणी

प्रत्येक श्रवणदोषाला यंत्र लागतेच असे नाही. कानात साचलेला मळ, जंतुसंसर्ग, पडद्याला पडलेले छिद्र किंवा कानातील हाडांचा ताठरपणा यांवर औषधाने वा शस्त्रक्रियेने इलाज होऊ शकतो. म्हणून पहिली पायरी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाण्याची. घरच्या घरी कानात गरम तेल ओतणे, काडी किंवा केसांची पिन घालणे हे प्रकार कटाक्षाने टाळावेत. स्ट्रेप्टोमायसिन व जेंटामायसिनसारखी इंजेक्शने आणि कर्करोगावरील काही औषधेही कानाला अपाय करू शकतात. म्हणून पूर्वी घेतलेल्या उपचारांची माहिती डॉक्टरांना अवश्य द्यावी.

एक गोष्ट मात्र तातडीची आहे. एका कानाने एक-दोन दिवसांत अचानक ऐकू येईनासे झाले, तर "सर्दी झाली असेल" म्हणून थांबू नये. त्याच दिवशी तज्ज्ञ गाठावा, कारण यावरील औषधांचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांतच अधिक होतो.

यानंतर ध्वनिरोधक खोलीत श्रवणचाचणी होते. ती वेदनारहित असते. चाचणीच्या आलेखावर श्रवणदोष डेसिबलमध्ये नोंदवला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार २० डेसिबलच्या आत सामान्य, २० ते ३५ सौम्य, ३५ ते ५० मध्यम आणि त्यापुढे वाढत्या तीव्रतेच्या पायऱ्या आहेत. त्याच वेळी शब्द कितपत समजतात याचीही चाचणी करून घ्यावी. यंत्राचा किती उपयोग होईल याचा अंदाज तिच्यावरून येतो.

यंत्र घ्यावे का?

निर्णय केवळ आकड्यांवर अवलंबून नसतो. शांत घरात एकट्याने राहणाऱ्या व्यक्तीला सौम्य दोष फारसा जाणवणार नाही, तर शाळेत शिकवणाऱ्या किंवा दुकान चालवणाऱ्या व्यक्तीला तोच दोष रोज अडवील. स्वतःला प्रश्न विचारावा : कमी ऐकू येते म्हणून मी कोणते काम सोडून दिले आहे? कोणाकडे जाणे टाळतो? फोन आला की दुसऱ्याच्या हाती देतो का? या प्रश्नांची प्रामाणिक उत्तरेच निर्णय देतील.

यंत्राकडून अवास्तव अपेक्षाही नसाव्यात. चष्मा लावताच अक्षरे स्पष्ट दिसतात, पण श्रवणयंत्राचे तसे नाही. पहिल्या दिवशी पंख्याची घरघर, भांड्यांचा खणखणाट, स्वतःच्या चपलांचा आवाज, सारे अंगावर येते. वर्षानुवर्षे हे आवाज न ऐकलेल्या मेंदूला ते पुन्हा ओळखीचे व्हायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. अनेकांची यंत्रे कपाटात पडून राहतात ती या सुरुवातीच्या निराशेमुळे. प्रारंभी शांत घरात रोज थोडे तास यंत्र लावावे, मग हळूहळू वेळ वाढवावा आणि तज्ज्ञाकडे पुन्हा जाऊन आवाज जुळवून घ्यावेत. जितका उशीर होतो, तितका हा सराव कठीण जातो.

श्रवणयंत्रामुळे स्मृतिभ्रंश टळतो, असाही दावा केला जातो. येथे सावध राहावे. २०२३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ७० ते ८४ वर्षांच्या ९७७ अमेरिकन व्यक्तींचा तीन वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्वांचा एकत्रित विचार करता यंत्रामुळे बौद्धिक घसरण कमी झाल्याचे दिसले नाही. मात्र ज्यांना तिचा धोका मुळातच अधिक होता, त्यांच्यात घसरणीचा वेग ४८ टक्क्यांनी कमी आढळला. म्हणजे आशेला जागा आहे, पण हमी नाही.

यंत्रांच्या किमती काही हजारांपासून लाखांपर्यंत असतात. सर्वांत महाग ते सर्वांत चांगले असे समजू नये. जाहिरात पाहून घेतलेले, सर्वच आवाज सारखे वाढवणारे स्वस्त उपकरण निरुपयोगी ठरू शकते. यंत्र आपल्या आलेखानुसार जुळवलेले असावे. खरेदीपूर्वी काही दिवस वापरून पाहता येईल का, बिघडल्यास दुरुस्ती कोठे होईल, बॅटरीचा खर्च किती, हे विचारून घ्यावे. आपल्या किनारपट्टीवर घाम आणि पावसाळी दमटपणा हे या यंत्राचे मोठे शत्रू आहेत. आंघोळीपूर्वी ते काढावे आणि रात्री ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवावे.

ज्यांना खर्च झेपत नाही, त्यांनी निराश होऊ नये. वांद्रे रेक्लमेशन येथे १९८३ पासून कार्यरत असलेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत श्रवणदोषाची तपासणी होते. दिव्यांगांना साहाय्यक साधने देणारी केंद्र सरकारची 'ॲडिप' योजना आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली जाहीर केलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील अल्प उत्पन्नाच्या नागरिकांसाठी ३,००० रुपयांच्या एकरकमी साहाय्याची तरतूद करण्यात आली आणि त्यातून घेता येणाऱ्या साधनांत श्रवणयंत्राचाही समावेश आहे. ताज्या अटी समाजकल्याण कार्यालयात विचाराव्यात. धर्मग्रामातील तरुणांनी आपल्या शेजारच्या एखाद्या वृद्धाचा अर्ज भरून दिला, तर तीही मोठी सेवा ठरेल.

घरच्यांचा वाटा

यंत्र घेतले म्हणून घरच्यांची जबाबदारी संपत नाही. बोलण्याआधी नावाने हाक मारावी. चेहऱ्यावर उजेड पडेल असे समोर उभे राहावे. टीव्ही बंद करावा. एका वेळी एकानेच बोलावे. ओरडू नये, सावकाश बोलावे. वाक्य समजले नाही तर तेच पुन्हा न म्हणता वेगळ्या शब्दांत सांगावे. आणि एक वाक्य तर घरातून हद्दपारच करावे : "काही नाही, जाऊ दे." आपल्याला ते साधे वाटते. ऐकणाऱ्याला मात्र त्यातून कळते, की आपल्याला सांगण्याइतके आपले महत्त्व आता उरलेले नाही.

आम्हा धर्मगुरूंनाही येथे आत्मपरीक्षण करायला हवे. घुमणाऱ्या ध्वनिक्षेपकामुळे प्रवचनातील किती शब्द मागच्या बाकांपर्यंत पोहोचतात? वाचकांनी पाठ संथपणे वाचावेत. कमी ऐकू येणाऱ्या भाविकांसाठी पुढील बाके राखावीत. आपले बोलणे इतरांना ऐकू जाईल या भीतीने काही वृद्ध पापनिवेदनाला येण्याचेच सोडून देतात. त्यांनी फादरांकडे स्वतंत्र बंद खोलीची मागणी निःसंकोचपणे करावी. ख्रिस्तसभेच्या कायद्याच्या ९९० व्या कलमाने तर दुभाष्याच्या साहाय्यानेही पापनिवेदन करण्याची मुभा दिली आहे, आणि पापनिवेदनाची गुप्तता त्या दुभाष्यालाही बंधनकारक असते.

संत मार्कच्या शुभवर्तमानातील सातव्या अध्यायात प्रभू येशूकडे एका बहिऱ्या माणसाला आणले जाते. बरे करण्यापूर्वी प्रभू त्याला गर्दीपासून बाजूला, एकांतात नेतो. त्या माणसाचा तमाशा होऊ न देता तो प्रथम त्याच्याकडे पूर्ण लक्ष देतो. चमत्कार आपल्या हाती नाहीत, पण एवढे लक्ष देणे कोणालाही जमण्यासारखे आहे. या रविवारी मिस्सा आटोपून घरी गेल्यावर दूरदर्शन संच बंद करून आपल्या आईवडिलांसमोर पाच मिनिटे बसा आणि त्यांना खरोखर किती ऐकू येते ते पाहा. आणि ज्येष्ठांनो, आपणही मान डोलावणे थांबवून एवढेच म्हणा : "मला कमी ऐकू येते, पुन्हा सांग." त्यात लाज वाटण्यासारखे काहीही नाही.