भाजण्यापूर्वीं मीठ केव्हां लावावें ?



गेल्या नाताळापूर्वीं आमच्या नगरांतील, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरांतील, एका शेजारीण बाईंनीं मला विचारलें, "गुरुजी, मुलगा परदेशांतून यायचा आहे, त्याच्यासाठीं टर्की आणवली आहे. मागच्या खेपेस पक्षी वरून काळा आणि आंतून कोरडा झाला. मसाल्यांत चुकलें काय ?" प्रश्न स्वयंपाकाचा, परंतु उत्तर पदार्थविज्ञानाचें आहे.

हा पक्षी मूळचा उत्तर अमेरिकेंतला. इंग्रजांनीं त्यास तुर्कस्तानचें नांव दिलें, पोर्तुगीजांनीं पेरू देशाचें. १६१२ सालीं मुकर्रबखानानें गोव्याहून असा एक पक्षी जहांगीर बादशहाकडे नेला आणि उस्ताद मन्सूर यानें त्याचें चित्र काढलें. तेव्हां पाहुणा नवा नव्हे; त्याला भाजण्याची रीत तेवढी आपल्या सवयीची नाहीं.

आपल्या घरोघरीं मटणाला हळद-मीठ लावून ठेवतात. पुढें रस्सा होतो, म्हणून थोडी चूक झांकून जाते. भाजण्यांत रस्सा नाहीं. मांसांतील पाणी गेलें कीं गेलेंच.

मीठ लावतांच तें प्रथम मांसांतील पाणी बाहेर ओढतें. याच वेळीं पक्षी भट्टींत घातला, तर उष्णता कातडीवरचें पाणी आटविण्यांतच खर्च होते. परंतु कांहीं तास थांबल्यास तेंच खारें पाणी हळूहळू आंत मुरतें, स्नायूंतील प्रथिनें सैल करतें, आणि भाजतांना तीं पाणी अधिक धरून ठेवतात. हळद, मिरची, लसूण हीं मात्र फारशीं खोल जात नाहींत. म्हणून वर थापलेलें आलें-लसणाचें वाटण करपलें आणि आंत कांहींच पोंचलें नाहीं.

कृति अशी. पक्षी पुसून कोरडा करावा. दर किलोस ७ ते ८ ग्रॅम बारीक मीठ, म्हणजे ४ किलोंच्या पक्ष्यास सुमारें ३० ग्रॅम, आंतबाहेर चोळावें. पाकिटावर आधींच मीठ घातल्याचें लिहिलें असेल, तर आणखी लावूं नये. नंतर एक ते दोन दिवस शीतकपाटांत उघडा ठेवावा. कातडी सुकते व पुढें छान तांबूस होते. मसाला लोण्यांत कालवून कातडीखालीं भरावा.

एक इशारा. 'मुरूं दे' म्हणून पक्षी रात्रभर ओट्यावर ठेवूं नये. उबेंत रोगजंतु झपाट्यानें वाढतात. भाजतांना मांसाच्या सर्वांत जाड भागांत उष्णमापक खुपसून पाहावा. ७४ अंश सेल्सिअस झाले कीं पक्षी काढावा. त्यापुढें ठेवणें म्हणजे वाळविणें.

मी शाकाहारी, चवीची साक्ष देऊं शकत नाहीं. पण त्या नाताळांत ताटांत हाडांखेरीज कांहीं उरलें नाहीं, असें बाईंनीं आवर्जून कळविलें.